निकालावर वेतन : जोतीरावांनी नाकारलेले धोरण

शिक्षकाच्या कामाचे मूल्यमापन झाले पाहिजे, या मागणीला कोणताही समाजवादी विरोध करणार नाही. वादाचा मुद्दा निराळा आहे. मूल्यमापन कशाचे, कोणी करावयाचे आणि त्याची किंमत कोणी मोजावयाची, हे तो प्रश्न विचारल्यावाचून ठरत नाही. महाराष्ट्र शासनाने गेल्या पंचवीस वर्षांत या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते नंदुरबारसारख्या जिल्ह्यावर सरळसरळ अन्याय करणारे आहे.

हा वाद नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगाला सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षकाला दरमहा किमान बारा रुपये वेतन मिळावे, तो प्रशिक्षित असावा व शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला असावा, अशी मागणी केली होती. त्याच निवेदनात त्यांनी निकालानुसार अनुदान देण्याच्या पद्धतीला विरोध केला. ज्या दरिद्री समाजात शिक्षणाची गोडी अद्याप उत्पन्न व्हावयाची आहे, तेथे ही पद्धत निरुपयोगी ठरेल व शिक्षकाला तीवर पोट भरता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. इंग्लंडात १८६२ मध्ये रॉबर्ट लो यांच्या काळात अशीच पद्धत अंमलात आली. शिक्षक परीक्षेपुरते वाचन, लेखन व अंकगणित घोटून घेऊ लागले. ते शतक संपण्यापूर्वीच इंग्लंडने ती सोडून दिली.

महाराष्ट्राने मात्र २३ ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने तिलाच नवा पोशाख चढविला. बारा वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी व चोवीस वर्षांनंतरची निवडश्रेणी शाळेच्या ‘अ’ श्रेणीशी आणि नववी-दहावीच्या ऐंशी टक्के निकालाशी जोडण्यात आली. शिक्षकांच्या विरोधानंतर ही अट मागे घ्यावी लागली. परंतु तिच्यामागील विचार मंत्रालयातून हद्दपार झालेला नाही.

हा विचार नंदुरबारला कसा लागू पडतो, ते पाहावे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. त्या वेळी राज्याची साक्षरता ८२ टक्के होती, तर नंदुरबारची सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील सातपुड्यात मूल घरी पावरी किंवा भिली बोलते. पाठ्यपुस्तकातील मराठी त्याला परकी असते. ऊसतोडीसाठी कुटुंब गुजरातेत गेले की वर्ग ओस पडतो. सरदार सरोवराच्या काठच्या गावांना तर होडीचाच आधार.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता शाळेचा निकाल हे संयुक्त उत्पादन आहे. त्यात शिक्षकाच्या श्रमांइतकाच घरच्या अन्नाचा, आईबापांच्या अक्षरओळखीचा, शिकवणीच्या पैशाचा व रस्त्याचाही वाटा असतो. हे सारे घटक पुण्याच्या शाळेला आयते मिळतात व धडगावच्या शाळेला मिळत नाहीत. अशा स्थितीत एकूण फळ मोजून एकट्या शिक्षकाला बक्षीस अथवा दंड देणे म्हणजे गरिबीचा दंड गरिबांना शिकविणाऱ्याकडून वसूल करणे होय. त्याचा परिणामही उघड आहे. शहाणा शिक्षक डोंगरातून सपाटीवर बदली मागेल आणि आदिवासी मुलाच्या वाट्याला रिकामी खुर्ची येईल.

एका हाताने ही मोजपट्टी उगारताना शासन दुसऱ्या हाताने सेवेचे लाभ काढून घेत आहे. २००० साली आलेल्या शिक्षण सेवक योजनेने पूर्ण कामाबद्दल तीन वर्षे केवळ मानधन देण्याचा पायंडा पडला. प्राथमिक शिक्षण सेवकाचे मानधन २०२३ मध्ये वाढले, तेही सोळा हजारांपर्यंतच. १ नोव्हेंबर २००५ पासूनच्या नेमणुकांना जुने निवृत्तिवेतन नाकारण्यात आले. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये संप करावा लागला. २०२५ साली तर आश्रमशाळांतील पदे बाह्यस्रोतांतून भरण्याचा घाट घातला गेला व त्याविरुद्ध रोजंदारी कर्मचाऱ्यांना नाशकात बिऱ्हाड मांडावे लागले. ज्याची नोकरीच ठेकेदाराच्या मर्जीवर आहे, त्याने पावरी शिकून दहा वर्षे डोंगरात राहावे, ही अपेक्षा कोणत्या न्यायाने करावयाची?

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. सुपात्र शिक्षक मिळणे हा मुलाचा हक्क आहे, यात वाद नाही. परंतु वीस वर्षांत कमावलेले बोलीचे ज्ञान त्या उत्तरपत्रिकेत मोजले जात नाही. म्हणून अशा शिक्षकाला वाऱ्यावर न सोडता त्याच्या तयारीचा वेळ व खर्च राज्याने उचलला पाहिजे.

येथे कार्यकर्त्यांनी एक कटू सत्यही स्वीकारावे. सातपुड्यात शाळेकडे न फिरकता पगार उचलणारे शिक्षक आहेत. त्यांना संघटनेचे कवच देणे म्हणजे आदिवासी मुलाचा विश्वासघात करणे होय. शिक्षक हा श्रमिक आहे हे खरे; पण ज्याचे मूल वर्गात ताटकळत बसते, तो ऊसतोड मजूर त्याहून अधिक नाडलेला श्रमिक आहे.

म्हणून पक्षाची मागणी सुस्पष्ट असावी. शिक्षकाच्या हातात जे आहे तेच मोजावे : हजेरी, अध्यापनाचे दिवस, पाठाची तयारी, मुलांच्या बोलीशी केलेली ओळख. गोपनीय अहवाल हे साहेबाच्या हातचे शस्त्र असू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या एकविसाव्या कलमाने स्थापन झालेल्या शाळा व्यवस्थापन समितीसमोर व ग्रामसभेत शिक्षकाच्या कामाचा हिशेब उघडपणे मांडला जावा. जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका यांखेरीज अन्य कामांना शिक्षकांना जुंपू नये, हे त्याच कायद्याचे सत्ताविसावे कलम शासनाने प्रथम स्वतः पाळावे. शिक्षण सेवक पद्धत व ठेकेदारी संपवावी. दुर्गम भागातील सेवेचा वाढीव वेतनाचा हक्क, जो आज शासन निर्णयाच्या कृपेवर अवलंबून आहे, तो कायद्यात लिहावा.

अक्राणीतील प्रत्येक व्यवस्थापन समितीच्या पुढील बैठकीत हे प्रश्न मांडणे कार्यकर्त्यांना शक्य आहे. तेथे पालक प्रथम शिक्षकाचा हिशेब मागतील व लगेच शिक्षकासह शासनाचा. जोतीरावांनी आयोगासमोर मांडलेली मागणी पुढे नेण्याचा याहून सरळ मार्ग नाही.