सभासद की प्रेक्षक?

छंदाची संस्था मोठी झाली की मूळ छंदच तिच्यात पोरका होतो का? अमेरिकेतल्या ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’चे जुने सभासद हा प्रश्न अनेक वर्षे विचारत आले आहेत. सहकारात मुरलेल्या आम्हा संगमनेरकरांना तो परका वाटू नये.

पॉल पोबेरेझनी या वैमानिकाने जानेवारी १९५३मध्ये मिलवॉकी येथे ही संस्था काढली. सभासद कोण, तर तळघरात, गॅरेजात लाकूड, कापड आणि नळ्या जोडून स्वतःचे विमान बांधणारे. ‘बेबी एस’ हे छोटे विमान ८०० डॉलरच्या आत कसे बांधावे, हे पोबेरेझनींनी १९५५ साली एका मासिकात लिहिले आणि संस्थेचा बोलबाला झाला. तिथला कायदाही अशा हौशी कारागिरांना सांभाळून घेतो. विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौसेने किंवा शिकण्यासाठी बांधलेला हवा, ही त्याची मुख्य अट.

आज जुलैतला ओशकोशचा मेळा म्हणजे विमानवेड्यांची पंढरी. अलीकडे तिथे सहा लाखांवर माणसे लोटतात. जेट विमाने, महायुद्धातली लढाऊ विमाने, बड्या कंपन्यांचे मंडप! यात रिव्हेट ठोकणारा कुठे दिसतो, ही जुन्यांची तक्रार.

तक्रार खरी आहे, पण पुरी नाही. उमेदीची वर्षे बँकेत घालवलेला मी माणूस. नुसत्या हौसेवर संस्था चालत नाही, एवढे मला कळते. १९९२पासून या संस्थेने वीस लाखांवर मुलांना फुकट विमानातून फिरवून आणले आहे. मेळ्यात आजही वेल्डिंग, रिव्हेटिंग हाताने करून शिकता येते. मूळ वाळलेले नाही. मात्र आकाशाकडे माना वर करून बघणारे वाढले आणि हत्यार हाती घेणारे त्या मानाने वाढले नाहीत, तर नफ्याचा ताळेबंद ते दाखवत नाही. दूध संघाचा सभासद नुसता गिऱ्हाईक झाला, तरी दूध येतच राहते. संघ मात्र त्याचा राहत नाही.

याचे आपल्याला काय? कॅप्टन अमोल यादव आठवा. त्यांनी मुंबईत, कांदिवलीच्या घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. नोंदणी झाली २०१७मध्ये, उड्डाणाची परवानगी मिळाली २०१९मध्ये आणि धुळ्यात ते उडाले २०२०मध्ये. कुटुंब पाठीशी होते, पण नियमांशी झुंजताना हात देणारी अशी भक्कम संस्था नव्हती. आपल्याकडचे फ्लाइंग क्लब जुने, नावाजलेले. पण ते उडायला शिकवतात, बांधायला नव्हे.

म्हणून ओशकोशकरांनी मंडप खुशाल वाढवावेत, फक्त कार्यशाळा कोपऱ्यात ढकलू नये. आणि आपण? आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले प्रकल्पाची वही वेळेवर सादर करतात. त्यांना एकदा पंखाची एक फासळी स्वतः घडवू द्या, बिघडवू द्या, पुन्हा घडवू द्या. क्लब त्यातूनच उभा राहील.