धान्यवाहू शिडाच्या जहाजांची अखेर

‘पामीर’ हे चार डोलकाठ्यांचे पोलादी जहाज हॅम्बुर्गमध्ये 1905 साली बांधले गेले. पुढे ते फिनलंडच्या ऑलंड बेटांवरील गुस्टाफ एरिक्सन यांच्या ताफ्यात आले. वाफेच्या जहाजांच्या काळातही एरिक्सन यांचा धंदा टिकला, त्याचे कारण रोकडे होते. वाऱ्याला इंधनखर्च नव्हता, जुनी जहाजे स्वस्तात मिळत आणि खलाशांत पुष्कळसे शिकाऊ असत. काही तर शिकण्याचे पैसे स्वतः मोजत. धान्य नाशवंत नसल्याने चार महिने लागले तरी व्यापाऱ्याचे बिघडत नसे. वखारीचे भाडेच वाचे!

मे 1949 मध्ये ‘पामीर’ दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या पोर्ट व्हिक्टोरियाहून बार्लीची पोती भरून निघाले. जुलैत त्याने केप हॉर्नला वळसा घातला. मालवाहू शिडाच्या जहाजाने घातलेला तो शेवटचा वळसा. ऑक्टोबरात ते इंग्लंडमधील फालमथला पोहोचले. त्याच्यामागून निघालेले ‘पासाट’ हे दुसरे शिडाचे जहाज आधीच आले होते.

एरिक्सन 1947 मध्येच वारले होते. वारसांना हा व्यापार परवडेना. पुढे जर्मन मालकीत, इंजिन बसवूनही, 1957 मध्ये ‘पामीर’ बार्लीसह अटलांटिकमधील चक्रीवादळात बुडाले. 86 पैकी 6 जण वाचले.