मूल हरवले, शोध मात्र चोराचा

मूल हरवल्याचा मेसेज मोहल्ल्याच्या ग्रुपवर पडला की पहिल्या अर्ध्या तासात काय घडते, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. फोटो येतो. त्याखाली दुआ येतात. मग कुणीतरी विचारतो, "काल गल्लीत तो भंगारवाला फिरत होता ना?" दुसरा सीसीटीव्हीचा धूसर तुकडा टाकतो. तिसरा त्यातल्या एका माणसाभोवती लाल गोल काढतो. चौथा मुलाच्या सावत्र आईचा विषय काढतो. रात्रीपर्यंत एखाद्याने रील करून केस 'सोडवलेली' असते. मूल मात्र त्या पहिल्या फोटोतच राहून जाते. पुढचा सगळा शोध चोराचा असतो.

मोबाईलवरून तपास करणाऱ्या या हौशी गुप्तहेरांचा कुणालाही उपयोग होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ते पोलिसांचा तपास भरकटवतात, आधीच कोसळलेल्या घराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात आणि कधीकधी माणसे मारतात. मुस्लिम तरुणांनी तर या उद्योगातून सर्वांत आधी बाहेर पडायला हवे. त्या लाल गोलात शेवटी कुणाचा चेहरा बसवला जातो, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक?

'माणसे मारतात' हा शब्द मी रागाच्या भरात वापरलेला नाही. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या रैनपाडा गावी आठवडी बाजार होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला तिथे आले. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे मेसेज त्या भागात कित्येक दिवस फिरत होते. जमावाने या पाचांना 'टोळी' ठरवले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि ठेचून मारले. त्या मारहाणीचेही व्हिडिओ काढले गेले. गावातले एकही मूल हरवलेले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या झोळी घेऊन महाराष्ट्रभर फिरणाऱ्या माणसांची झोळीच पुरावा ठरली.

त्या वर्षी लोक ज्याला पुरावा समजत होते, तो नीट पाहा. मोटारसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलून पळतात, हा व्हिडिओ देशभर फिरला. तो कराचीतल्या जनजागृती मोहिमेचा होता. मूळ फिल्ममध्ये ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि मुलांकडे लक्ष ठेवा, असा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला. कापायला दहा सेकंद पुरतात, त्यासाठी माझ्यासारखी इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. कफनात गुंडाळलेल्या मुलांचे फोटोही असेच फिरले. ते २०१३ साली सीरियात घौता इथे झालेल्या रासायनिक हल्ल्यात मेलेल्या मुलांचे होते. त्यांना आपल्याकडे 'किडनी काढून फेकलेली मुले' बनवले गेले.

रैनपाड्यानंतर बाराव्या दिवशी, १३ जुलैला, बिदर जिल्ह्यात मुरकी गावाजवळ जे झाले ते मला माझ्या पेशामुळे अधिकच लागते. औराद तालुक्याचा हा भाग मराठी बोलणाऱ्यांचा. हैदराबादचा एक मुस्लिम सॉफ्टवेअर इंजिनिअर मित्रांसोबत तिकडे गेला होता. सोबत कतारहून आलेला एक पाहुणा होता, त्याच्याकडे चॉकलेटे होती. वाटेत शाळेच्या मुलांना त्यांनी ती देऊ केली. तेवढ्यावरून संशय, बाचाबाची. ते गाडी घेऊन निघाले. मागे राहिलेल्यांनी त्यांचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर टाकला. गाडीच्या आधी तो व्हिडिओ पुढच्या गावी पोहोचला आणि तिथे रस्ता अडवून लोक तयार उभे राहिले. तो इंजिनिअर मारला गेला, त्याचे सोबती जबर जखमी झाले, वाचवायला गेलेल्या पोलिसांनीही मार खाल्ला. पुढे अटक झालेल्यांत ग्रुपचा ॲडमिनही होता. 'आम्ही फक्त फॉरवर्ड केले' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता आपल्या नागपूरकडे वळू. मुले पळवली जातच नाहीत, असे मी म्हणत नाही. २०११ आणि २०१४ मध्ये या शहरात आठ वर्षांच्या दोन मुलांची अपहरणे झाली आणि दोघांचाही जीव गेला. दोन्ही वेळा शहर हादरले. दोन्ही प्रकरणांत कोर्टाने दोषी ठरवलेल्यांत त्या कुटुंबाच्या ओळखीतला माणूस होता. गल्लीतून जाणारा अनोळखी फकीर, बहुरूपी किंवा भंगारवाला नव्हता. लाल गोल काढणारे आपण ज्याच्याकडे बोट दाखवतो, त्याचा गुन्ह्याशी काही संबंध नसतो. आणि ज्याच्याकडे पाहायला हवे, तो आपल्यासोबत उभा राहून 'फार वाईट झाले' म्हणत असू शकतो.

यावर कुणी म्हणेल, "पण दहातला एक संशय तरी खरा निघेल ना?" हिशेब करून पाहू. समजा, आपल्यातला एखादा इतका चाणाक्ष आहे की निरपराध माणसाला निरपराध म्हणून शंभरात नव्व्याण्णव वेळा अचूक ओळखतो. सीताबर्डीच्या बाजारातून दिवसभरात वीस हजार माणसे गेली आणि त्यांत मुले पळवणारा फक्त एक होता. तो एक पकडला गेला असे धरले, तरी त्याच्यासोबत दोनशे निरपराध माणसेही 'चोर' ठरतील. नव्व्याण्णव टक्के अचूकतेचा हा निकाल आहे. आपल्या ग्रुपवरच्या गुप्तहेरांची अचूकता त्याच्या जवळपासही नाही.

शिवाय हे दोनशे चिठ्ठ्या टाकून निवडले जात नाहीत. झोळीवाला, मळके कपडेवाला, परप्रांतीय मजूर, तृतीयपंथी, वेडसर बाई, दाढीवाला, बुरखेवाली, अशांतूनच ते निवडले जातात. ज्याचा आधीच संशय येतो त्याच्याच विरुद्ध पुरावा सापडतो.

पालघरला हे उघड दिसले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, लॉकडाऊनच्या काळात, गडचिंचले गावाजवळ दोन साधू आणि त्यांचा चालक यांना जमावाने मारले. त्या आदिवासी पट्ट्यात मुले पळवणाऱ्यांच्या अफवा दिवसरात्र चालू होत्या. म्हणजे आधी मोबाईलवरच्या संशयाने तीन बळी घेतले. मग व्हिडिओ बाहेर आला आणि देशभरातले नवे गुप्तहेर कामाला लागले. या वेळी त्यांना मारणाऱ्यांचा धर्म शोधायचा होता. गोंगाटातल्या एका आवाजात कुणाला "शोएब, बस" ऐकू आले. तो आवाज होता "ओये, बस". पण ज्याला शोएब ऐकायचे होते, त्याला शोएबच ऐकू आला. शेवटी आपल्याच जिल्ह्यातल्या काटोलचे तेव्हाचे आमदार आणि गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटकेतल्या १०१ जणांची यादी जाहीर करून, यात एकही मुस्लिम नाही, असे सांगावे लागले. तीन माणसांचा खून झालेल्या राज्यात गृहमंत्र्यावर आरोपींचा धर्म सांगण्याची पाळी आली.

इथवर वाचून मान डोलावणाऱ्यांना पुढचे कदाचित आवडणार नाही. रैनपाडा घडले त्याच रात्री मालेगावात, आझादनगरच्या मुस्लिम वस्तीत, मुले पळवणारे समजून एका कुटुंबाला जमावाने घेरले. त्यांच्याजवळ दोन वर्षांचे लेकरू होते. त्यांचे स्वतःचे. तो जमाव आपला होता. ते कुटुंब वाचले, कारण वस्तीतल्याच एका तरुणाने त्यांना आपल्या घरात घेतले आणि नंतर पोलीस आले. तो तरुणही आपलाच होता. अफवेवर फक्त 'ते' भडकतात, हा भ्रम सोडून द्या. १७ मार्च २०२५ च्या संध्याकाळी आपल्या महाल भागात काय झाले आणि त्याआधी दिवसभर मोबाईलवर काय फिरत होते, हे नागपूरकरांना नव्याने सांगायला नको.

कठुआचे उदाहरण त्याहून अवघड आहे. जानेवारी २०१८ मध्ये बकरवाल समाजाची आठ वर्षांची मुलगी आधी हरवली आणि मग तिचा देह सापडला. न्यायाची मागणी करताना आपल्यातल्या हजारोंनी तिचे नाव आणि फोटो डीपीवर लावले. हेतू चांगला होता. पण कायद्याने अशा बालकाची ओळख उघड करता येत नाही. पॉक्सोचे कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचे कलम ७४ त्यासाठीच आहेत. त्याच वर्षी दिल्ली हायकोर्टाने तिची ओळख छापल्याबद्दल अनेक माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले. आपल्याला कुणी दंड केला नाही, म्हणून आपले बरोबर होते असे नाही.

घरच्यांवर काय गुजरते, तेही पाहा. एप्रिल २०१३ मध्ये अमेरिकेत बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्ब फुटले. इंटरनेटवरच्या गुप्तहेरांनी फोटो जुळवून एकाला आरोपी ठरवले. तो भारतीय वंशाचा, महिनाभरापासून बेपत्ता असलेला विद्यार्थी होता. त्याला शोधण्यासाठी घरच्यांनी उघडलेले फेसबुक पान शिव्यांनी भरले आणि त्यांना ते बंद करावे लागले. काही दिवसांनी त्याचा मृतदेह सापडला. स्फोटांच्या आधीच तो गेला होता. हरवलेल्या पोराला शोधणाऱ्या आईबापांकडून शोधाचे साधनच हिसकावले गेले. आपल्या ग्रुपवर सावत्र आईबद्दल कुजबुज सुरू होते, तेव्हा आपणही हेच करत असतो.

एक आक्षेप मात्र मला मनापासून पटतो. "पोलीस लक्ष देत नाहीत, मग लोक काय करणार?" गरीब वस्तीतली आई तक्रार घेऊन गेली की 'येईल परत, उद्या या' हे उत्तर तिला मिळते, हे खरे आहे. पण त्यावर उपाय तर्कवितर्क नाही, दबाव आहे. सुप्रीम कोर्टाने १० मे २०१३ रोजी 'बचपन बचाओ आंदोलन' प्रकरणात सांगितले आहे की हरवलेल्या प्रत्येक मुलाच्या तक्रारीवर एफआयआर नोंदवलाच पाहिजे आणि तपास अपहरण किंवा तस्करी झाली असे गृहीत धरूनच सुरू झाला पाहिजे. चोवीस तास थांबा, असे कुणालाही सांगता येत नाही. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो. चार महिन्यांत मूल सापडले नाही, तर प्रकरण मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे जायला हवे. हे माहीत असलेले दोन तरुण त्या आईसोबत ठाण्यात जाऊन बसले, तर दोनशे जणांच्या ग्रुपपेक्षा जास्त काम होते.

म्हणून मूल हरवल्याचे कळले की आधी विचारा: तक्रार झाली का, एफआयआर नंबर काय? झाली नसेल तर सोबत जा. ११२ आणि मुलांसाठीची हेल्पलाईन १०९८ यांवर कळवा. फोटो घरच्यांनी आणि पोलिसांनी सांगितला तरच पाठवा, आणि त्यासोबत तारीख, शेवटचे ठिकाण, अंगावरचे कपडे व पोलीस ठाण्याचा नंबर एवढेच लिहा. दुकानाच्या कॅमेऱ्यात काही दिसले तर ते रेकॉर्डिंग पुसले जाण्याआधी तपास अधिकाऱ्याकडे द्या, ग्रुपवर नको. खरोखर कुणी पळवले असेल तर तोही तो ग्रुप वाचत असतो. मूल सापडले की पाठवलेला प्रत्येक फोटो काढून टाका. सापडलेल्या मुलांचे जुने मेसेज वर्षानुवर्षे फिरत राहतात आणि नवी भीती पेरतात. ॲडमिन असाल तर संशयिताचा फोटो टाकणाऱ्याला रोखा, मग तो मामू असो की मशिदीतला ज्येष्ठ.

सूरह हुजुरातमध्ये बातमी आली तर शहानिशा करा, नाहीतर नकळत कुणाचे तरी नुकसान करून बसाल, ही ताकीद आहे. त्याच सूरहमध्ये अतिसंशय आणि इतरांच्या आयुष्यात हेरगिरी, दोन्हींना मनाई आहे. जुम्म्याच्या बयानात आपण हे ऐकतो आणि बाहेर येऊन मोबाईल उघडतो. देशाचे संविधानही तेच सांगते: दोषी कोण, हे पुराव्यावर न्यायालय ठरवील. लव्ह जिहाद, गोमांस, दहशत अशा प्रत्येक संशयाच्या वेळी आपण हाच हक्क मागतो. तो डवरी गोसाव्याला, भंगारवाल्याला आणि हरवलेल्या मुलाच्या सावत्र आईला नाकारला, तर आपण तो कुठल्या तोंडाने मागायचा?