म्हाताऱ्यांना कोंडू नका, त्यांच्यापर्यंत पोहोचा

२०२५ च्या मे-जूनमध्ये कोविडचे रुग्ण पुन्हा वाढत असल्याच्या बातम्या आल्या आणि माझ्या दुकानात जुन्या ऑक्सिमीटरला कुठले सेल लागतात याची चौकशी सुरू झाली. त्याबरोबर एक वाक्यही परत ऐकू येऊ लागलं : "आईला आम्ही आता बाहेर सोडत नाही." सेलची चौकशी शहाणपणाची होती. त्या वाक्याशी मात्र माझं भांडण आहे.

पुण्याच्या पूर्व भागातल्या एका पेठेत माझं औषधांचं दुकान आहे. आजूबाजूला वाडे, दोन-दोन खोल्यांची बिऱ्हाडं, सामाईक नळ, सामाईक संडास. नेहमीची निम्मी-अधिक गिऱ्हाइकं साठी ओलांडलेली. कुणाची बीपीची गोळी, कुणाची शुगरची, हे मला चिठ्ठी न बघता सांगता येतं. ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले रुग्ण पुण्यातच सापडले आणि एप्रिलमध्ये मध्यवस्तीतल्या पेठा बांबू-पत्रे लावून सील झाल्या. औषधांचं दुकान म्हणून माझं शटर वर राहिलं. त्या काळात घरातल्या वडीलधाऱ्यांचं काय होत होतं, हे काउंटरच्या आतून मला रोज दिसत होतं. त्यावरून बनलेलं माझं मत असं : आपण त्यांना घरात बसवलं तेवढ्यानं त्यांचं संरक्षण झालं नाही. जिथे झालं, तिथे ते घरातल्या बाकीच्यांनी स्वतःच्या वागण्याला मुरड घातल्यामुळे झालं.

मे २०२० मधल्या केंद्राच्या सूचनांत ६५ वर्षांवरच्यांनी आणि जुने आजार असलेल्यांनी घरीच थांबावं असं सांगितलं होतं. लस नव्हती, वय आणि मधुमेह या दोन्हींमुळे धोका वाढतो हे स्पष्ट झालं होतं. तेव्हा ती सूचना योग्यच होती. पण विषाणू घरात आला कसा? माझ्या ओळखीतल्या कितीतरी आज्यांनी महिनोन्महिने उंबरा ओलांडला नव्हता. मुलगा मार्केट यार्डात हमाली करत होता, सून दवाखान्यात आया होती, नातू पार्सलं पोहोचवत होता. घर चालवायचं तर त्यांना जावंच लागत होतं. संध्याकाळी सगळे त्याच दहा बाय बाराच्या खोलीत परतत होते.

ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या ग्रेट बॅरिंग्टन इथून तीन शास्त्रज्ञांनी एक जाहीरनामा काढला होता. म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना जपा, बाकीच्यांना नेहमीसारखं जगू द्या, असा त्याचा सूर. आपल्याकडेही अनेकांना तो पटला होता. आमच्या पेठेतल्या कुठल्याही वाड्यात येऊन बघा म्हणजे त्यातली अडचण कळेल. आजी आणि नातू एका चटईवर झोपत असतील, तर एकाला जपून दुसऱ्याला मोकळं सोडायचं म्हणजे करायचं काय? तीन पिढ्या एका छताखाली राहणाऱ्या समाजात ज्येष्ठांची सुरक्षितता तरुणांच्या वागण्यापासून वेगळी काढता येत नाही.

ज्यांनी हे ओळखलं, त्यांनी साध्या गोष्टी केल्या. भाजीचा टेम्पो चालवणारा एक मुलगा रात्री टेम्पोतच झोपायचा. बायको ताट जिन्याच्या पायरीवर ठेवायची. त्याच वाड्यात सामाईक संडास पहाटे धुतल्यावर पहिला नंबर म्हाताऱ्यांचा, मग बाकीच्यांचा, असा नेम बिऱ्हाडकरूंनी आपापसांत ठरवला. खिडकीजवळची जागा आजोबांना दिली आणि दार उघडं ठेवायला लागले. यात कुठेही म्हाताऱ्या माणसाला "हलू नका" असं सांगितलेलं नव्हतं. हलायचं ते इतरांनी ठरवलं होतं.

कोंडून ठेवल्याचे तोटे माझ्या काउंटरवर वेगळ्या रूपात यायचे. दर महिन्याला तीन स्ट्रिप नेणाऱ्या एका आजींच्या दोनच स्ट्रिप जाऊ लागल्या. चौकशी केल्यावर मुलगा म्हणाला, "आई म्हणते, पुरतायत." फोन केला तेव्हा आजींनी हळू आवाजात सांगितलं, "अहो ताई, त्याचं काम सुटलंय. मी निम्मी निम्मी घेते." पूर्वी त्या स्वतः येऊन दहा मिनिटं बसायच्या, मला त्यांचे सुजलेले पाय दिसायचे. आता मधे मुलगा होता आणि त्याच्यापासूनच तर त्यांना हे लपवायचं होतं. बायकांच्या बाबतीत हे मी जास्त पाहिलं. आजोबांच्या गोळ्या वेळेवर यायच्या, आजींच्या "पुढच्या खेपेला". संधिवाताच्या कित्येक पेशंटना हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन लागतं. कोविडवरचं औषध म्हणून त्याचा गाजावाजा झाल्यावर मार्च २०२० मध्ये त्याची विक्री कडक नियमांखाली आणावी लागली, आणि वर्षानुवर्षं ती गोळी घेणाऱ्यांनाच ती मिळेना. कोविड न होताही म्हातारी माणसं कोविडमुळे आजारी पडत होती.

काही गोष्टी सरकारनं चांगल्या केल्या, त्याही सांगायला हव्यात. २५ मार्च २०२० ला डॉक्टरांनी फोनवरून तपासण्याचे नियम आले. दुसऱ्याच दिवशी औषध दुकानदारांना, ईमेलवर आलेल्या चिठ्ठीवरूनही, जिल्ह्याच्या आत घरपोच औषधं द्यायला परवानगी मिळाली. आमच्या मुलानं सायकलवरून जी पाकिटं पोहोचवली, ती त्या आदेशामुळे. आता तो आदेश मागे घ्या अशी आमच्या दुकानदार संघटनेची मागणी आहे, कारण ऑनलाइन कंपन्या त्याचा फायदा घेतात. ती तक्रार खरी आहे. तरीही मी माझ्याच धंदाबंधूंना सांगेन की चालत जाण्याच्या अंतरावरच्या दुकानाला ही मुभा कायम हवी. ज्याला पेशंटचा चेहरा माहीत आहे, त्यानं पाकीट द्यावं आणि तब्येतही बघून यावी.

सहा मिनिटं चालण्याची चाचणीही अशीच कामाची. चालण्याआधी आणि नंतर बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, आकडा फार घसरला तर दवाखाना गाठायचा. साठीपुढच्यांनी सहाऐवजी तीन मिनिटं चालावं, अशी सवलत त्यात होती. म्हातारं माणूस डोळ्यांपुढे ठेवून नियम केला की तो पाळला जातो.

लसीच्या वेळी नेमकं हेच राहून गेलं. १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांना लस खुली झाली. हिंडती-फिरती माणसं रांगेत उभी राहिली. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरी लस द्यावी, यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. केंद्रानं तिथे असमर्थता दाखवली आणि न्यायालयानं त्याबद्दल कानउघाडणी केली. मुंबई महापालिकेनं जुलैअखेर अंधेरीच्या के-पूर्व वॉर्डात घरी जाऊन लस द्यायला सुरुवात केली. देशभर परवानगी मिळाली २३ सप्टेंबरला. मधे एप्रिल-मेची दुसरी लाट येऊन गेली होती. ज्यांना सगळ्यांत आधी लस हवी, त्यांच्यापर्यंत ती सगळ्यांत शेवटी गेली, कारण त्यांनी लसीकरण केंद्रावर यावं असंच सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

बँकेचंही तेच. सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच बँकांना सांगितलेलं आहे. हयातीच्या दाखल्यासाठी पोस्टमन घरी येण्याची सोय नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली. माझ्या दुकानात येणाऱ्या पेन्शनरांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे, ते मी अधूनमधून विचारते. बहुतेकांना नसतं, आणि मुलांनाही नसतं. मग महामारीतही पेन्शनर बँकेच्या दारात उभा राहतो आणि आपण म्हणतो, ऐकतच नाहीत हे लोक.

ऐकतच नाहीत, ही तक्रार मी त्या दोन वर्षांत सगळ्यांत जास्त ऐकली. पण त्यांना विचारलं होतं का कुणी? एक काका पहाटे पाचला, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, पुढच्या चौकापर्यंत जाऊन यायचे. मुलानं चपला लपवल्या. उघड्यावर, एकट्यानं, मास्क लावून चालण्यात धोका जवळपास नव्हता. धोका होता तो त्याच घरात दार बंद करून झालेल्या वाढदिवसात. कुणाला ऐकू कमी येतं, त्यांना मास्कमुळे समोरच्याचे ओठही दिसेनात, मग ते बोलायचेच बंद झाले. पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाला धोका समजावून सांगता येतो. किती पत्करायचा, यात त्याचंही मत धरावं लागतं.

पुढची साथ कुठली आणि केव्हा, हे कुणी सांगू शकत नाही. तयारी मात्र आज करता येते. सप्टेंबर २०२० मधल्या "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहिमेत पथकं घरोघर गेली, ताप आणि ऑक्सिजन मोजला, कुणाला कुठला आजार आहे ते विचारलं. म्हणजे अशी नोंद घेता येते. एकटे राहणारे, अंथरुणाला खिळलेले आणि जुने आजार असलेले ज्येष्ठ यांची यादी प्रत्येक वॉर्डात आणि गावात कायम असली पाहिजे. ती आशाताईंच्या हाती असावी आणि ते काम त्यांच्याकडून फुकट करून घेऊ नये. कुठलीही नवी लस आली की तिच्या पहिल्याच आदेशात घरी जाऊन देण्याचं कलम हवं.

आणि घरात? या रविवारी आईवडिलांजवळ बसा आणि एका कागदावर लिहा : कुठल्या गोळ्या, किती, कधी, कुठला डॉक्टर फोनवर बोलतो, पेन्शन कुठल्या शाखेत, साथ आली तर बाहेर कोण जाईल आणि परत आल्यावर कुठे झोपेल. एक प्रत तुमच्या औषधवाल्याकडे ठेवा. कागद लिहिताना त्यांनाही विचारा, कशाशिवाय तुमचं चालणार नाही? त्यांचं उत्तर त्याच कागदावर सगळ्यांत वर लिहा.