चर्चगेटची गर्दी जरा थांबवा

इन्स्टाग्रामवर चर्चगेट किंवा सीएसएमटी शोधा आणि थोडा वेळ स्क्रोल करत राहा. एकच फोटो तुम्हाला वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा भेटेल. काळापांढरा. फलाट ठाम, डबा ठाम, छताचे लोखंडी खांब ठाम आणि त्यांच्यामधून वाहणारी माणसं धुरासारखी पुसट. खाली ओळ असते : ‘रघु राय यांना मुजरा’. कधी ‘साल्गादो स्टाइल’. कधी नुसतंच ‘मुंबई कधी थांबत नाही’.

हा फोटो काढणं आता पुरे झालं, असं माझं म्हणणं आहे. पुष्कळ लोक काढतात म्हणून पुरे, असं नाही. पुष्कळ लोक सूर्यास्ताचेही फोटो काढतात आणि त्यात कुणाचं काही जात नाही. स्टेशनच्या या फोटोत मात्र कुणाचं तरी काहीतरी जातं. ज्यांचा तो फोटो आहे, त्यांचा चेहरा जातो.

आधी मूळ फोटो नीट पाहू. रघु राय यांचा चर्चगेटचा प्रसिद्ध फोटो 1995चा. त्यात गर्दी खरोखरच वाहते आहे. पण फोटोचा जीव त्या वाहण्यात नाही. त्या लोंढ्याच्या मधोमध काही माणसं वर्तमानपत्र वाचत थांबलेली आहेत आणि तेवढीच स्पष्ट दिसतात. आजूबाजूला सगळं शहर पुसट होत असताना कुणीतरी बातमी वाचतंय. शटर उघडं असेपर्यंत ती माणसं हलली नाहीत, म्हणून फोटोत उरली. हा फोटो थांबलेल्या माणसांचा आहे. आपण त्यातून नक्कल कशाची केली? वाहणाऱ्यांची. वाचणारी माणसं आपल्या फोटोतून गायब झाली आणि नुसता धूर उरला.

त्याच वर्षी, त्याच चर्चगेटवर सेबास्तियाओ साल्गादो यांनीही फोटो काढला. त्यांच्या फोटोत मात्र गर्दी जवळजवळ सगळीच पुसट आहे. मग ते चालतं आणि आपलं का नाही? साल्गादो मुळात अर्थशास्त्रज्ञ. तो फोटो त्यांनी स्थलांतरावरच्या कामासाठी काढला होता. त्या कामासाठी ते कित्येक वर्षं देशोदेशी हिंडत होते. गाव सोडून शहरांकडे निघालेली माणसं, निर्वासितांच्या छावण्या, फुगत चाललेली महानगरं असं सगळं त्यात आहे. त्या शेकडो फोटोंच्या रांगेत चर्चगेट हे एक पान आहे. आजूबाजूच्या पानांवर नजरेला नजर देणारे चेहरे आहेत. ते एकच पान फाडून आपण भिंतीवर लावलं आणि त्याला ‘स्टाइल’ म्हणू लागलो.

तिसरं उदाहरण रशियातलं. सोव्हिएत संघ कोसळत होता त्या काळात अलेक्सी तितारेंको सेंट पीटर्सबर्गमध्ये फोटो काढत होते. दुकानं रिकामी, पगाराला किंमत नाही, माणसं रांगा लावून थकलेली. मेट्रो स्टेशनच्या जिन्यावर त्यांनी शटर बराच वेळ उघडं ठेवलं. माणसांचा काळपट ढग झाला, पण कठड्याला धरलेले हात तेवढे दिसत राहिले. आपल्या शहरातली माणसं सावल्या होत चालली आहेत असं त्यांना दिसत होतं आणि ते सांगायला त्यांनी ही रीत शोधली.

तिघांची तंत्रं सारखी, पण तिघांपुढचे प्रश्न वेगळे. आणि तिघांनीही शटर उघडं ठेवण्याआधी काहीतरी पाहिलं होतं. आपण उलट करतो. रीत आधी ठरवतो, मग तिला बसेल असं स्टेशन शोधतो.

त्यात आता ही रीत फुकट मिळते. पूर्वी अर्धा-एक सेकंद शटर उघडं ठेवायचं तर कॅमेरा कशावर तरी टेकवावा लागायचा, हाताचा कंप सांभाळावा लागायचा, उजेडाचा हिशेब करावा लागायचा आणि निकाल फिल्म धुतल्यावरच कळायचा. 2017पासून आयफोनमध्ये लाइव्ह फोटोचं ‘लाँग एक्स्पोजर’ सहज तयार होतं. फोन दोन-तीन सेकंदांच्या फ्रेम एकावर एक रचतो. जे हललं ते पुसट, जे हललं नाही ते स्पष्ट. अँड्रॉइडवरही त्यासाठी अ‍ॅप्स आहेत. आणि ज्यांना स्टेशनपर्यंत जायचाही कंटाळा, त्यांच्यासाठी एआय आहेच. मार्च 2025मध्ये सगळ्या जगाने आपापले फोटो जिब्ली शैलीत करून घेतले, तसं कुणाच्याही ‘शैलीत’ चर्चगेट मागवता येतं. मग माणसाने जाऊन केलेली नक्कल आणि यंत्राने घरबसल्या केलेली नक्कल यांत फरक काय राहिला? लोकलचं तिकीट, एवढाच.

इथे कुणी म्हणेल, एवढं चिडायचं कारण काय? मुलं फोटो काढताहेत, काढू द्या की. चिडायचं कारण आहे. मुंबईच्या गर्दीला धूर, लाट, महापूर, मुंग्या म्हणण्याची सवय फोटोंपुरती राहत नाही. पाण्याला कुणी जागा देत नाही, ते आपली वाट आपण काढतं असं आपण धरून चालतो. लाटेतल्या कुणालाच नाव नसतं.

29 सप्टेंबर 2017. एल्फिन्स्टन रोड आणि परळ या स्टेशनांना जोडणारा पादचारी पूल. सकाळची वेळ, पाऊस, पुलावर अडकलेली माणसं. चेंगराचेंगरीत 23 जण गेले. पूल अरुंद आहे हे तिथून रोज जाणारे लोक आधीपासून सांगत होते. त्यानंतर लष्कराला बोलावून नवा पूल बांधला गेला आणि फेब्रुवारी 2018मध्ये तो उघडला. म्हणजे पाच महिन्यांत पूल होऊ शकत होता. तो आधी का झाला नाही याचं उत्तर इंजिनीअरिंगमध्ये सापडत नाही. त्या पुलावरून जाणाऱ्यांकडे ‘गर्दी’ म्हणून पाहिलं गेलं, आणि गर्दीची तक्रार कुणी ऐकत नाही. 2023 या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर अडीच हजारांहून जास्त माणसं मेली. हा आकडाही आपण तसाच वाचतो, पुसट.

आता ‘मुंबई कधी थांबत नाही’ हे वाक्य पुन्हा वाचा. ही शाबासकी कोण कुणाला देतंय? सकाळी कल्याणला फास्ट लोकलच्या दारात एका पायावर लटकलेल्या माणसाला थांबायला परवडत नाही. त्याच्या नाइलाजाला आपण ‘स्पिरिट’ म्हणतो आणि वर त्याचा चेहरा पुसून, सुंदर काळापांढरा करून भिंतीला लावतो. हा फोटो रेल्वेच्या कॅलेंडरवर अगदी शोभून दिसेल, कारण त्यात कुणाचीच तक्रार दिसत नाही. आणि नेमकी हीच मला त्याची अडचण वाटते.

याला उत्तर म्हणून दोन मुद्दे हमखास येतात. दोन्हींत तथ्य आहे, म्हणून ते टाळता येणार नाहीत.

पहिला : नकलेशिवाय कुणी शिकतं का? नाही शिकत. आपल्याकडे तर घराण्यांची परंपराच आहे. कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून जशाच्या तशा गाऊन दाखवायचे आणि लोक थक्क व्हायचे. पण आपण त्यांचं नाव घेतो ते त्या नकलांसाठी नाही. पुढे देवधर मास्तरांकडे शिकून, आजारपणात वर्षानुवर्षं न गाता, देवासला माळव्याची लोकगीतं कान देऊन ऐकून त्यांना स्वतःचा आवाज सापडला, त्यासाठी. नक्कल हा रियाज आहे. तो जरूर करा. रघु राय यांचा फोटो समोर ठेवून ते कुठे उभे असतील, किती उंचीवर, शटर किती वेळ उघडं असेल, हे सगळं शोधून काढा. दहा वेळा तसाच फोटो काढा. पण रियाजाला मैफल म्हणू नका. आणि त्या रियाजातून एकच गोष्ट उचलायची असेल तर ‘कोण थांबलंय’ हे पाहण्याची नजर उचला.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे : अनोळखी माणसांचे चेहरे न विचारता टिपायचे नाहीत, म्हणून आम्ही ते पुसट करतो. ही काळजी योग्यच आहे. लेडीज डब्यात डुलकी काढणाऱ्या बाईचा फोटो परस्पर काढून टाकणाऱ्यापेक्षा पुसट फोटो काढणारा केव्हाही बरा. पण खरोखर संमतीची काळजी असेल तर त्याचा सोपा उपाय आहे. विचारा. बूटपॉलिशवाल्या काकांना विचारा, डब्यांच्या रांगा लावणाऱ्या डबेवाल्या दादांना विचारा, लगेज डब्यात टोपली घेऊन चढणाऱ्या मावशींना विचारा. पुष्कळ जण ‘नको’ म्हणतील. काही ‘काढ, पण नीट काढ’ म्हणतील. चेहरा नको असेल तर हात आहेत, चपला आहेत, पाठीवरून पोटावर घेतलेल्या सॅक आहेत, तीन जणांच्या बाकावर टेकलेली चौथी सीट आहे. माणूस न दाखवता त्याचं सगळं सांगता येतं. धूर करून त्याचं काहीच सांगितलं जात नाही, तो फक्त वापरला जातो.

मग आवडत्या कलावंताचं ऋण फेडायचं कसं? पॅरिसच्या एका स्टेशनात याचं उत्तर आहे. 1877मध्ये क्लोद मोने यांनी गार सँ-लाझार या स्टेशनची बारा चित्रं रंगवली. काचेचं छत, इंजिनं, आणि सगळीकडे निळसर वाफ. ती वाफ मोने यांची शैली नव्हती, स्टेशनात ती खरोखर भरलेली असायची. नंतरचा कुणीही हौशी फोटोग्राफर तिथे गेला असता तर तीच वाफ शोधत बसला असता. 1932मध्ये तिथे आंरी कार्तिए-ब्रेसाँ गेले. ते स्टेशनच्या मागे गेले. कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून त्यांनी पाहिलं, तर साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी मारत होता. टाच अजून पाण्याला टेकलेली नाही, खाली त्याचं प्रतिबिंब. विसाव्या शतकातल्या सर्वांत गाजलेल्या फोटोंपैकी हा एक, आणि त्यात स्टेशनची इमारत ओळखूसुद्धा येत नाही. त्याच जागी जाऊन आधीच्याने जे पाहिलं नाही ते पाहायचं, यापेक्षा मोठा मुजरा मला तरी माहीत नाही.

आणि एक फोटो आपल्याकडचाच. 26 नोव्हेंबर 2008च्या रात्री ‘मुंबई मिरर’चे फोटो एडिटर सबॅस्टियन डिसोझा समोरच्या ऑफिसातून धावत सीएसएमटीत शिरले. हातात कॅमेरा, दोन लेन्स. त्यांनी कसाबचा फोटो काढला. पुढे तो न्यायालयात पुरावा ठरला आणि डिसोझा साक्षीदार म्हणून उभे राहिले. त्या फोटोला शैली नाही. पण त्यात चेहरा ओळखता येतो, आणि त्या फोटोचं सगळं मोल त्यातच होतं. रोज कुणी असा जीव धोक्यात घालावा असं मी म्हणत नाही. स्टेशनवर कोण होतं हे फोटोने सांगायचं असतं, एवढंच या उदाहरणातून घ्या.

आपल्या स्टेशनांवर पाहण्यासारखं थोडं आहे का? एप्रिल 2016मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेच्या टाक्यांमधून पिण्याचं पाणी गेलं. पहिल्या खेपेला दहा टाक्या. स्टेशन म्हणजे पाणी येण्याची जागा, हे त्या उन्हाळ्यात लातूरकरांना कळलं. 2017पासून माटुंगा स्टेशन बायका चालवतात. त्याच वर्षी नाताळात पहिली एसी लोकल धावली आणि दाराशी लटकण्याचं दृश्य त्या गाडीपुरतं संपलं. आता बंद दाराला नाक लावून उभा असलेला माणूस हे नवं दृश्य आहे. ते कुणाच्या शैलीत काढणार? त्याला अजून शैलीच नाही. तुम्ही दौंडला असाल, कुर्डुवाडीला असाल, मनमाडला असाल, तर तुमच्या फलाटाचा असा एकही फोटो अजून कुणी काढलेला नसेल. चर्चगेटच्या नकलेसाठी मुंबईची गाडी पकडण्याची काहीच गरज नाही.

एकच करून पाहा. महिनाभर एकच स्टेशन, एकच वेळ, एकच कोपरा. पहिले चार दिवस फोन खिशातच ठेवा. पाचव्या दिवशी काही चेहरे ओळखीचे होतील. कोण रोज धावत येतं, कोण इंडिकेटरकडे न बघताच योग्य फलाटावर जातं, कोण सगळी गर्दी निघून गेल्यावरही बाकावर बसून राहतं, हे दिसू लागेल. त्या बसून राहिलेल्या माणसाजवळ जा, नाव विचारा आणि फोटो काढू का म्हणून विचारा. तो हो म्हणाला तर शटर झटकन मिटू द्या. आणि खाली कुणाला मुजरा करायचाच असेल तर त्यालाच करा, त्याच्या परवानगीने, त्याच्या नावासकट.