पैठणीची मागची बाजू

संक्रांतीचं हळदीकुंकू जवळ आलं की अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर साड्यांचे फोटो फिरू लागतात. काळं अंग, सोनेरी काठ, पदरावर मोर आणि खाली ‘पैठणी, रु. १,९९९’. पार्सल इथं पोचतं आणि ‘फसवलं’ म्हणून ओरड होते.

यातल्या बऱ्याच साड्या सुरतेच्या असतात. तिथल्या पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवणाऱ्या-छापणाऱ्या गिरण्या आहेत आणि सुरतेचं सगळं बळ पॉलिएस्टरसारख्या धाग्यात आहे. भारतातल्या गिऱ्हाइकाला त्या फोटोत मोराच्या पदराची, घरी धुता येणारी साडी दिसते. पसंत पडली नाही तर ती परत करायची. आपल्याला मात्र त्यात आजीच्या ट्रंकेतली पैठणी दिसते, तीही दोन हजारांत! रंगाचंही तसंच, पाहणाऱ्यागणिक अर्थ बदलतो. संक्रांतीला आपण हौसेनं काळं नेसतो. इतर प्रांतांतल्या कित्येक घरांत मात्र शुभकार्याला काळं चालत नाही.

पण गैरसमज आपला असला, म्हणून विक्रेते सुटत नाहीत. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. येवल्या-पैठणच्या हातमागावरच्या रेशमी पैठणीचा पदर उलट बाजूनंही जवळजवळ सुलट बाजूसारखाच दिसतो. यंत्रमागावरच्या साडीत उलट बाजूला सुटे किंवा कापलेले धागे असतात. जाहिरातीत नेमकी तीच बाजू नसते. पॉलिएस्टरला पैठणी म्हणून विकणं ही लबाडीच आहे.

पण ‘सुरती माल’ म्हणून नाक मुरडणंही मला पटत नाही. पांडेसरा, उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून गेलेली असंख्य कुटुंबं राहतात. पुरुष मिलमध्ये, लूमवर. बायका घरी बसून नगावर साड्यांना लेस लावतात, खडे चिकटवतात. ज्या साडीला आपण परकी ठरवतो, तिच्यावरून अहिराणी बोलणारे हात फिरलेले असू शकतात. पॉलिएस्टर म्हणून घेतली, तर ती साडी झकास आहे.

आता चूक महागही पडते. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली शुल्कमाफी अमेरिकेनं २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली, आणि परत पाठवायचा खर्च कधी कधी साडीहून जास्त होतो. तेव्हा यंदा पैसे भरण्याआधी धागा कोणता ते विचारा, लांबी विचारा (नेहमीची साडी साडेपाच मीटरची, तिची नऊवारी होत नाही), आणि पदराच्या उलट बाजूचा फोटो मागवा. जो विक्रेता तो पाठवणार नाही, त्याचं नाव गटावर पुढे पाठवू नका.