'स्वामी' आणि 'राऊ' पुन्हा वाचा, पण बाबासाहेबांसोबत

रणजित देसाईंची 'स्वामी' (१९६२) आणि ना. सं. इनामदारांची 'राऊ' (१९७२). पेशवाईतल्या या दोन प्रेमकथांवर मराठी मध्यमवर्ग पिढ्यान्‌पिढ्या रडला. आता त्या पुन्हा वाचा. पण शेजारी बाबासाहेबांचा १९१६ सालचा 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध ठेवा.

बाबासाहेब सांगतात, जातीचा प्राण म्हणजे जातीतच लग्न. ते टिकवायचे तर नवऱ्यामागे उरलेल्या बाईची 'सोय' लावावी लागते: सती किंवा सक्तीचे वैधव्य. १७७२ मध्ये रमाबाई थेऊरला सती गेल्या. वाचक त्याला प्रेमाचा कळस म्हणतात! मस्तानी जातीबाहेरची, म्हणून पुण्याच्या ब्राह्मणांनी तिच्या मुलाची मुंज नाकारली. वाचक त्याला नशीब म्हणतात!

'अहो, ही कादंबरी आहे, इतिहास नाही,' असे कुणी म्हणेल. पण चिता खरी होती. आरास तेवढी कादंबरीची.

एकीला चितेवर चढवणारी आणि दुसरीला उंबऱ्याबाहेर ठेवणारी व्यवस्था एकच. त्याच पेशवाईत ज्यांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू होता, त्यांच्या प्रेमावर अशी कादंबरी कुणी लिहिली?

रडायचे तर खुशाल रडा. पण मारेकऱ्याचे नाव घ्या. त्याचे नाव नशीब नाही, जात आहे.

जयभीम!